किरकोळ

बिलाच्या तळाशी,
मजुरीच्या खाली, ब्रेक पॅडच्या खाली,
व्हॅटच्या जरा वर
एक शब्द असतो: संड्रीज.
मी तो टाइप करत नाही, आपोआप उमटतो.
साडेचार टक्के.
गेथिननं तसं बसवून घेतलंय.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
गेथिनचं भरतं.

त्यात काय काय येतं
ते पहिल्याच दिवशी माझ्याकडून पाठ करून घेतलं:
बोटभर ग्रीस, हातमोजे, सीटवरचं प्लास्टिक,
जुनं ऑइल टाकून देण्याची फी
आणि पुसायच्या चिंध्या.
कुणी विचारलंच तर सांगायचं.
कुणी विचारत नाही.
रेक्समची माणसं सभ्य,
बिल वाचतात, ओठ मिटतात, कार्ड टेकवतात.

मराठीत याला काय म्हणतील
ते मला घरी जाताना बसमध्ये सुचलं
(गॅरेजात नोकरी, पण गाडी नाही माझ्याकडे).
किरकोळ.
पेपरात छापून यायचं ना, तीन जण किरकोळ जखमी.
त्या तिघांना कुणी विचारलं होतं का?

मिसेस प्यूंनी विचारलं.
बाई अंगानं किरकोळ,
काउंटरवर जेमतेम हनुवटी येते.
घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना आंघोळी घालतात.
एका घरून दुसऱ्या घरी पोचायला जो वेळ जातो
त्याचे पैसे त्यांना मिळत नाहीत.
मागच्या खेपेला बोलता बोलता म्हणाल्या होत्या,
तक्रार म्हणून नव्हे,
गाडी सुरू होईना म्हणून.

चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या,
"कुंदा, फोनवर तू एकशे चाळीस म्हणालीस.
इथं एकशे पंचाहत्तर, वर छप्पन पेनी.
व्हॅट मला कळतो, तो सरकार खातं.
हे सहा पौंड तीस कोण खातं?"

मी पाठ म्हणून दाखवला.
चिंध्यांपाशी त्यांनी हात वर केला.
"चिंध्यांचे पैसे मी देतेय?"
"हो."
"मग चिंध्या दे."

गेथिन फोनवर होता.
मी मागे इवानकडे गेले.
त्यानं लिफ्टखालच्या डब्यात हात घातला
आणि अगदी गंभीरपणे विचारलं, कुठली?

इचलकरंजीत आमचे अप्पा यंत्रमागावर जॉबर.
वाया गेलेलं कापड पिशवीत कोंबून
शनिवारी स्टँडमागच्या गॅरेजात नेऊन द्यायचे.
दस्तगीरमामा त्यावर लुनाचा प्लग घासून द्यायचे,
वर अर्धा कप चहा.
कुणी कधी लिहून ठेवलं नाही.
लिहिलं असतं तर
साडेचार टक्के कुणाकडून कुणाला निघाले असते
देव जाणे.

निळ्या चौकड्यांची निघाली,
कुणाच्या तरी पायजम्याची असावी.
मिसेस प्यूंनी ती उलटसुलट पाहिली,
इवानची काळी बोटं तिच्यावर नीट उमटलेली.
चौपदरी घडी घातली, पर्समध्ये ठेवली.
पैसे भरले पूर्ण, छप्पन पेनीसकट,
आणि पावती मागितली. चिंधीची, वेगळी.
मी हातानं लिहून दिली.
एक नग, वापरलेली.

गेथिन खूप हसला.
पुढच्या वेळी फ्रेम करून देऊ म्हणाला.
मीही हसले, नोकरी आहे.

पाच वाजता शेवटचं बिल,
जुनी व्हॉक्सहॉल, एक्झॉस्ट.
शाळेत भूगोल शिकवणारे एक सर.
तळाची ओळ आपोआप आली.
त्यांनी वाचलं. त्या ओळीवर अंगठा ठेवला,
काढला.
ओठ मिटले.

कार्डाचं मशीन मी जरा उशिरानंच पुढे केलं.
मागे डबा भरलेला होता.